सुटं मेडल

बाबा अमेरिकेत माझ्याकडे श्रूजबरीला आले की पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लागते, दुसऱ्या आठवड्यात गळके नळ गप्प होतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना करायला काही उरत नाही. मग ते गॅरेजचं दार वर करून तिथेच खुर्ची टाकून बसतात. पुण्याच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं पॉलिशिंग खात्यात काढलेला हा माणूस, सकाळपासून रस्त्यावरून एक जीव चालत गेला नाही म्हणून कासावीस होतो. "अगं, इथे माणसं राहतात ना नक्की?" हा प्रश्न दिवसातून एकदा तरी मला यायचाच. मी वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. माझं उत्तर ठरलेलं, "बाबा, नंतर." आई गेल्यापासून ते दर वर्षी सहा महिने माझ्याकडे येतात आणि सहा महिने मी त्यांना नंतर म्हणते.

मी काही वाईट मुलगी नाही. निदान गेल्या ऑक्टोबरपर्यंत माझी तशी समजूत होती.

आमच्या शेजारच्या घरात कर्नल राहतात. अमेरिकन नव्हेत, अस्सल ब्रिटिश. ब्रिटिश सैन्यात पंचवीस वर्षं काढली, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि बायको इथली म्हणून तिच्या गावात येऊन राहिले. बायको गेली, मुलगी इंग्लंडात, आणि हे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ तीन बेडरूमच्या घरात एकटे. सकाळी एक बाई येऊन त्यांच्या जेवणाचं आणि गोळ्यांचं बघून जाते. बाकी दिवस ते आणि त्यांची खिडकी.

बाबांची आणि त्यांची गाठ पडली ती ग्राइंडरमुळे. माझ्या नवऱ्याने कधीतरी सेलमध्ये घेतलेला आणि खोक्यातून बाहेरही न काढलेला तो ग्राइंडर बाबांनी गॅरेजच्या टेबलावर बोल्ट मारून बसवला. त्याचा आवाज ऐकून कर्नल हिरवळीवरून चालत आले, हातात बागेची कात्री. बाबांनी धार लावून दिली. दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन आले, तिसऱ्या दिवशी नुसतेच आले. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं: फिनिश, टॉलरन्स, रिजेक्ट, ओके. तेवढ्यावर दोघं तासन्तास बसायचे. संध्याकाळी मी खाली उतरले की दोघांची दिवसभराची तुंबलेली वाक्यं माझ्या अंगावर. "त्यांना सांग, आमच्याकडे काडतुसाच्या पितळी खोळीवर एक ओरखडा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवायचो." मी सांगायचे. कर्नल गंभीरपणे मान हलवून म्हणायचे, "तुझ्या वडिलांना सांग, अशा लोकांमुळे सैनिक जिवंत घरी येतात." बाबा चक्क लाजायचे. चौतीस वर्षांत कारखान्यात हे त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि मीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

कर्नलच्या मेडलांची पेटी मी त्याआधी दोन-तीन वर्षं बघत आले होते. दर नोव्हेंबरात गावातले माजी सैनिक झेंड्याखाली जमतात, तेव्हा ते कोटावर मेडलं लावून अमेरिकन म्हाताऱ्यांच्या रांगेत टोकाला उभे राहतात. पिन लावायला हात थरथरतो म्हणून मला बोलावतात. एका पट्टीवर पक्की शिवलेली तीन मेडलं. पहिल्याची रिबन जांभळी, कडेने हिरवी, आणि तिच्यावर तीन आडव्या चांदीच्या पट्ट्या: बोर्निओ, दक्षिण अरबस्तान, उत्तर आयर्लंड. दुसरं सायप्रसचं, फिकट निळ्या रिबनचं. तिसरं ब्याऐंशी सालचं, अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड बेटांच्या युद्धाचं. समुद्रासारखी निळी, पांढरी, हिरवी रिबन आणि तिच्यावर एक बारकंसं फूल, म्हणजे हा माणूस प्रत्यक्ष लढाईच्या जागी होता याची खूण. पिन लावून होईपर्यंत ते मला सगळी नोकरी सांगायचे. विसाव्या वर्षी बोर्निओच्या जंगलात पायाला चिकटलेल्या जळवा, एडनचं भाजून काढणारं ऊन, बेलफास्टच्या गल्लीत शाळकरी पोरांनी फेकलेले दगड. गेल्या दोन वर्षांत मात्र जळवा एडनला जायला लागल्या होत्या आणि दगड सायप्रसला. मी दुरुस्त करत नसे.

पेटीत एक चौथं मेडल होतं. सुटं. त्यांच्या तिसऱ्या मेडलची हुबेहूब जुळी बहीण. मला वाटलं जास्तीचं असेल, तर म्हणाले, "हे माझं नाही."

ते ज्या पोराचं होतं तो एकोणीस वर्षांचा होता. फॉकलंडला हे मेजर होते, एक कंपनी त्यांच्या हाताखाली. एका पहाटे वायरलेस बंद पडला आणि पुढच्या तुकडीला निरोप द्यायचा होता, "थांबा, पुढे जाऊ नका." यांनी जवळ उभा असलेला पोरगा पाठवला. निरोप पोचला. पोरगा परत आला नाही. वर्षभराने हे त्याच्या आईला भेटायला गेले, तर त्या बाईने पोस्टाने आलेलं ते पाकीट तसंच्या तसं यांच्या हातात ठेवलं. म्हणाली, तुम्ही पाठवलंत त्याला, तुम्हीच ठेवा हे. आणि दार लावून घेतलं.

चाळीसहून जास्त वर्षं यांनी ते ठेवलं. आता मात्र एकच घोशा लावला होता: "मी जायच्या आधी हे त्याच्या घरी गेलं पाहिजे. आई नसेल, पण कोणीतरी असेलच." नाताळात मुलगी येणार होती, ती नेऊन देणार होती. आणि त्याचं नाव? ते त्या मेडलच्या कडेला होतं. ब्रिटिश मेडलांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. कर्नल मेडल खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून ते वाचायचे. वाचल्याशिवाय त्यांना नाव आठवत नसे, आणि ते त्यांना माहीत होतं. म्हणून ते मेडल म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

माझ्यासमोर त्यांनी ते नाव तीनदा तरी वाचलं असेल. मी "हं" म्हटलं. साधं इंग्रजी नाव, असं दर दुसऱ्या माणसाचं असतं. एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं.

तर नवरात्र आलं. बाबांचा खरा सण खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात सगळी मशिनं बंद व्हायची, रॉकेलने धुवून, पुसून, घासून आरशासारखी करायची, मग हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. आम्हा पोरांना त्या दिवशी आत सोडायचे. बाबा स्वतःच्या मशिनवरून माझा हात फिरवून म्हणायचे, "बघ, कुठे बोटाला लागतंय का?" नाही लागायचं. त्यांचा सगळा अभिमान त्या एका वाक्यात असायचा. इथे आल्यावरही पुण्याहून आणलेला व्हर्नियर कॅलिपर, माझा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, विळी, असं सगळं ते पाटावर मांडतात. ह्या वर्षी त्यांच्या मनात आलं की शेजारी एवढा लढलेला माणूस राहतो आणि त्याची पूजा नाही म्हणजे काय! "हत्यारं तर नसतील गं त्यांच्याकडे. बिल्ले आण. स्वच्छ करून पूजेला ठेवू, दसऱ्याला सोनं देऊन परत करू."

मी आदल्या संध्याकाळी कर्नलला विचारलं. त्यांना फार आवडलं. आमच्याकडे अशी पद्धत असती तर बरं झालं असतं, असं म्हणाले. सकाळी नऊला पाच कमी असताना ते स्वतः पेटी घेऊन दारात आले. माझी नऊची मीटिंग. हातात कॉफी, कानात अर्धा हेडफोन. त्यांनी पेटी दिली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "सुट्याला जपा. कडेवर त्याचं नाव आहे. वडिलांना सांगशील?"

"हो हो, सांगते," मी म्हटलं. पेटी ओट्यावर ठेवली, बाबांना ओरडून सांगितलं, "बाबा, मेडलं आली बरं का!" आणि वर पळाले.

बस. एवढंच. पाच सेकंदांचं काम होतं. मीटिंग कशाची होती ते आज मला आठवतसुद्धा नाही.

दुपारी खाली आले तर गॅरेजमध्ये बाबा खुशीत. पट्टीवरची तीन मेडलं शिवलेली म्हणून त्यांनी चिंच-मिठाने हाताने हलकेच उजळली होती, रिबनला थेंब लागू न देता. आणि सुटं? सुट्याची रिबन काढून बाजूला घडी घालून ठेवली होती आणि ते ग्राइंडरला बफ, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, लावून असं चमकवलं होतं की त्यात माझं तोंड दिसत होतं. "हे एक फार खराब होतं बघ," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षांत कुणी हात लावला नसेल. आणि कडेला सगळी खरखर. बर, म्हणजे धातूची कच, राहिली होती, कुठल्या कारागिराने पास केलं कोण जाणे! आधी बारीक एमरी पेपर मारला, मग बफ. आता फिरव बोट."

मी बोट फिरवलं. कुठेही काही लागलं नाही.

मी मेडल उजेडात धरून कड गोल फिरवून बघितली. "बाबा," मी म्हटलं, "चष्मा कुठाय तुमचा?"

"कशाला? पॉलिशला डोळे लागतात होय? अंगठा लागतो." आणि हे खरंच होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन पुण्याला परत गेल्यावर करायचं ठरलेलं. पण डोळे धड असते तरी त्यांनी अंगठ्यावरच विश्वास ठेवला असता. सगळा जन्म त्यांनी तेच केलं. अंगठ्याला काही टोचलं की ते घासून काढायचं. तो कडेवरचा पोरगा त्यांच्या अंगठ्याला टोचला आणि त्यांनी त्याला घासून काढलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तो पोरगा, त्याची आई, आणि मला दारात बजावलेलं. बाबा खाली बसले. मला वाटलं आता मला बोलतील. बोलायला हवं होतं त्यांनी. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. ते फक्त म्हणाले, "मी बिनडोक. नाव असेल असं मनातच आलं नाही," आणि हाताचे तळवे बघत राहिले. मीच चिडले. "तुम्ही कसले बिनडोक? मी सांगितलं नाही ना! माझ्यावर ओरडा की जरा!" ओरडले नाहीत. पूजेत त्यांनी चारही मेडलं मांडली, पण त्या सुट्याला हळदकुंकू सगळ्यात शेवटी वाहिलं.

दसऱ्याला आम्ही दोघं पेटी परत द्यायला गेलो. बाबांनी हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "सर, आय रिजेक्ट मायसेल्फ." उरलेलं मी सांगितलं. कर्नलनी मेडल हातात घेतलं, भिंग घेतलं, खिडकीशी गेले. मेडल गोल गोल फिरवत राहिले. कितीतरी वेळ. मग वळले आणि बाबांना म्हणाले, "फिनिश उत्तम आहे." ह्या ब्रिटिश लोकांची सभ्यता एखाद्या वेळी अशी जीवघेणी असते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर आम्ही सुटलो असतो.

खरा छळ दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला, कारण ते विसरले. सकाळी त्यांनी सवयीने मेडल उजेडात धरलं, नाव नाही, आणि घाबरून आमच्या दारात. "नाव गेलं. माझ्याकडून कुठेतरी गेलं." मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा तो धक्का, पुन्हा "फिनिश उत्तम आहे." तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी त्या माणसाच्या हातून तो पोरगा नव्याने जात होता आणि रोज सकाळी बाबा दरवाज्याच्या आत उभे राहून ऐकत होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. त्यांनी गॅरेजमध्ये बसणं सोडलं. ग्राइंडरवर जुनी चादर टाकली. कर्नलकडे येणारी बाई मला म्हणाली की जेवण तसंच राहतंय.

मी काय काय नाही केलं! रोजच्या डब्याचा फोटो काढणारी मी, मला त्या मेडलचा एक फोटो काढायचं सुचलं नव्हतं. कर्नलच्या मुलीला मेल केला. तिचं उत्तर आलं, नाव तिला ठाऊक नाही, वडील घरात ते कधी उच्चारत नसत, पण जुनी कागदपत्रं एका भाड्याच्या गोदामात आहेत, सवड काढून बघते. त्यांच्या पलटणीच्या जुन्या लोकांना लिहिलं; आपोआप जाणारी पोच आली, बाकी काही नाही. शेवटी इंटरनेटवर त्या लढाईत गेलेल्यांची यादी सापडली, नंबर, हुद्दा, पलटण आणि वयासकट. त्यांची पलटण, हुद्दा साधा शिपाई, वय एकोणीस. तीन नावं निघाली.

तीन! मी अक्षरशः खुर्चीतून उठून नाचले. बाबांना सांगितलं, तर आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "नाव मिळालं ना, तर मी पुन्हा ठोकून देतो. आपल्याकडे काय, तोफगोळ्यांवर लॉट नंबर मीच ठोकायचो सुरुवातीला. दीड मिलिमीटरचे अक्षरांचे-आकड्यांचे पंच मागव." मागवले, दोन दिवसांत दारात. बाबांनी आधी एका पितळी पट्टीवर सराव केला, माझं नाव ठोकलं. एका ओळीत, एका खोलीचं, सुरेख.

शनिवारी कर्नलला आमच्या टेबलाशी बसवलं. बाबा समोर, पुढ्यात हातोडी आणि पंचांची डबी. मी पहिलं नाव वाचलं.

कर्नलचे डोळे भरून आले. "हो," ते म्हणाले. "हाच. लाल केसांचा."

माझा श्वास मोकळा झाला. पण खात्री करून घ्यावी म्हणून दुसरं वाचलं. उगाच वाचलं.

"हो, हो, हाच," कर्नल म्हणाले, आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "किती पळायचा माहितेय?"

तिसऱ्यालाही ते हो म्हणाले. तिसऱ्याला तर म्हणाले, "अर्थात. मीच पाठवलं त्याला."

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. त्यांच्या हातात पहिला पंच तयार होता.

पाठवलं हे त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलेलं नव्हतं. कुणाला, तेवढंच गेलं होतं. आता हे मी कोणाला सांगू? समोर एक म्हातारा, ज्याने खाणं सोडलंय. दुसरा म्हातारा, ज्याने हात वापरणं सोडलंय. दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत, जसं काही माझ्याकडे उत्तर आहे. मला दोघांचाही इतका राग आला, इतकी दया आली, की काय करावं सुचेना.

"नाव कुठलं गं?" बाबा पुन्हा म्हणाले.

मी दुसरं सांगितलं. का दुसरं? त्या नावाला त्यांनी टेबल घट्ट धरलं होतं म्हणून. मी स्वतःला तसं पटवलं. खरं सांगायचं तर मला ते सगळं संपवायचं होतं.

बाबांनी मेडल लाकडाच्या दोन ठोकळ्यांत आवळलं आणि नंबर, हुद्दा, नाव, पलटण, एकेक अक्षर ठोकलं. त्यांच्या चौतीस वर्षांत त्यांनी इतकं सुंदर काम केलं नसेल. कर्नलनी भिंगातून वाचलं. एकदा, दोनदा, दहादा. मग उठून त्यांनी बाबांना कडक सॅल्यूट केला. बाबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुटलो गं बाई."

त्या दिवशी कर्नल आमच्याकडे पोटभर जेवले. वरण-भात दोनदा घेतला.

पुढे सगळं छान. अगदी छान. सकाळी मेडल उजेडात धरलं की नाव असायचं. बाबा नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याला परत गेले, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, व्हिडिओ कॉलवर मला म्हणतात, "आता तुझ्या केसातला पांढरा दिसतोय हं." प्रत्येक कॉलला एकदा विचारतात, "कर्नलसाहेबांचं नाव नीट वाचता येतंय ना?" येतंय बाबा, येतंय.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नलच्या मुलीचा मेल आला. गोदामातल्या खोक्यात त्यांची जुनी पत्त्यांची वही सापडली होती. तिच्यात त्या आईचं नाव आणि पत्ता. मुलीने माग काढला. आई कधीच गेली. पण पोराची धाकटी बहीण आहे, ती तेव्हा अकरा वर्षांची होती, आता पंचावन्न. मुलगी तिच्याशी फोनवर बोलली होती. बहीण खूप रडली म्हणे. म्हणाली, आईने त्याच्या मागे त्याचं सगळं देऊन टाकलं, त्याचं नाव असलेली एकही वस्तू घरात राहिली नाही. ते मेडल येतंय म्हटल्यावर तिने भिंतीवर जागा करून ठेवली आहे.

आणि मेलमध्ये पोराचं पूर्ण नाव होतं. माझ्या यादीतलं तिसरं.

मी दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. ऑफिसात बसले, मीटिंगा केल्या, रात्रीच्या भाजीला फोडणी दिली. मला कोणी विचारलं असतं की तू काय विचार करत्येस, तर सांगता आलं नसतं. पुन्हा घासून पुन्हा ठोकायचं तर बाबा तिकडे, आणि त्यांना सांगायचं कुठल्या तोंडाने? ज्याचं नाव ठोकलंय तोही एकोणीस वर्षांचाच होता, त्याचीही कोणी आई होती. त्याला आता मी दुसऱ्यांदा घासून काढू?

तिसऱ्या दिवशी दुपारी काम अर्धं सोडून शेजारी गेले. निदान ह्यांना तरी खरं नाव कळायला हवं, एवढंच डोक्यात होतं. ते खिडकीपाशी बसले होते, मेडल मांडीवर, भिंग टेबलावर. मला बघून खूश झाले. "बघ हं," म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी ते नाव म्हणून दाखवलं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. एक अक्षर न चुकता, भिंगाशिवाय. "रोज वाचून पाठ झालं. आता मेडल त्याच्या घरी गेलं तरी हरकत नाही. आता तो माझ्या डोक्यातून जायचा नाही." गेल्या वर्षभरात त्यांना नवीन पाठ झालेली ती एकमेव गोष्ट.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ते यादीतलं तिसरं नाव, खरं नाव, हळूच त्यांना सांगितलं. विचारलं, "हा कोण, आठवतो का तुम्हाला?"

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघितलं, ओठांतल्या ओठांत ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे वळून, माझी निराशा करावी लागतेय म्हणून अगदी ओशाळून म्हणाले, "नाही गं. ह्या नावाचा माझ्या कंपनीत कोणी नव्हता."